बिनविरोध

चंपाषष्ठीच्या दिवशी धुमाळांच्या घरात कोणी कोणाला उणंदुणं बोलायचं नाही, असा जुना दंडक होता. आणि वर्षभराची भांडणं नेमकी त्याच दिवशी उपसली जात, हा रिवाजही तितकाच जुना होता. कारण त्या एका दिवशी इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरची माणसं खाली उतरत, आणि एकमेकांकडे पाहण्यावाचून त्यांना गत्यंतर नसे.

यंदाही पार्किंगमधून अण्णांची पांढरी गाडी काढून रस्त्याला लावली होती. तिच्या जागी सतरंजी अंथरली होती, पाटावर देव मांडले होते, आणि कोपऱ्यात तीन विटांची चूल करून शकूआत्या वांगी भाजत बसली होती. चार महिने वर्ज्य असलेल्या वांग्यांची साल तडतडत फुटत होती. तो करपट, ओलसर, भूक चाळवणारा धूर जिन्यातून गच्चीपर्यंत चढत होता. इंद्रजीत जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्या धुराकडे पाहत होता. इतका राग त्याला आजवर कधी आला नव्हता, आणि आलेला राग ठेवायचा कुठे, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

विद्यापीठाच्या अधिसभेवर विद्यार्थ्यांमधून एक प्रतिनिधी जायचा होता. इतकी वर्षं त्या जागेवर वरून कोणाची तरी नेमणूक होई. यंदा मतदान ठरलं होतं. सात जणांनी अर्ज भरले. त्यानंतरच्या आठवड्यात इंद्रजीतच्या वडिलांनी, म्हणजे हिंमतराव अण्णांनी, एकेका उमेदवाराच्या घरी जाऊन चहा घेतला. कोणाच्या भावाला नोकरीचा शब्द दिला, कोणाच्या मामाला जुनी ओळख सांगितली. बघता बघता पाच नावं गळाली. उरली दोन, आणि दोन्ही धुमाळ. एक अण्णांचा इंद्रजीत, अण्णांच्या पक्षाची विद्यार्थी संघटना चालवणाऱ्या यज्ञेश्वरनं उभा केलेला. दुसरी, त्याच्याआधी चार दिवस अपक्ष म्हणून अर्ज भरून आलेली, त्याची चुलतबहीण तनुजा.

आज दुपारी तीनला माघारीची मुदत संपत होती.

"रोडगा उत्तम झालाय," यज्ञेश्वर सतरंजीवर मांडी घालून म्हणाला. नैवेद्य अजून व्हायचा होता, तरी त्याच्या पुढ्यात ताटली आली होती. पस्तिशीला टेकूनही तो अजून विद्यार्थीच म्हणवून घेत असे. "आमच्या सदाशिव पेठेत चंपाषष्ठी हल्ली कॅलेंडरातच असते. अण्णासाहेब, आपल्याकडे परंपरा टिकून आहे. फक्त शिस्तीचं काय ते बघा."

"शिस्त हाय," अण्णा म्हणाले.

"घरातलीच मुलगी समोर उभी आहे म्हणून विचारलं. महापालिकेचं तिकीट वाटताना वरिष्ठ हेच विचारतात. घर सांभाळता येत नसेल तर प्रभाग कसा सांभाळणार? मी नाही म्हणत. ते म्हणतात."

अण्णा हसले, पण त्यांचा कान लालभडक झालेला इंद्रजीतनं पाहिला. वडिलांचा राग आधी कानात उतरतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या रागाला मात्र अशी एखादी जागा नव्हती.

तो आयुष्यात कधीच निवडून आला नव्हता, आणि तरी सगळीकडे होता. शाळेत वर्गप्रमुख, वाड्यावस्त्यांच्या क्रिकेट संघाचा कप्तान, गणेश मंडळाचा अध्यक्ष. प्रत्येक वेळी अण्णा आधी जाऊन येत, आणि नंतर कोणीच समोर उरत नसे. या निवडणुकीतही त्याला उभं केलं गेलं होतं; पण प्रचाराला म्हणून तो भूशास्त्र विभागात गेला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर करून विचारलं होतं, "तुम्हाला मत का द्यायचं? तुमच्या ताईला का नाही?" इंद्रजीत अडखळला होता.  काहीतरी उत्तर दिलं होतं, आणि ते बरं नव्हतं. तरी त्या संध्याकाळी गणेशखिंडीतून घरी येताना त्याला विलक्षण हलकं वाटलं होतं. कोणीतरी त्याला पहिल्यांदाच नकोस म्हणालं होतं. याचा अर्थ दुसरा कोणी हवास असंही म्हणू शकला असता. किती जण म्हणतील, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. हरला असता तरी चाललं असतं. आकडा त्याचा स्वतःचा झाला असता.

"तळी भरू या," अण्णांनी उठून धाकट्या भावाला, तनुजाच्या वडिलांना हाक मारली. "बापू, ये. इंद्रा, ऊठ. तनू कुठं हाय? तिला बोलवा."

शकूआत्येनं चुलीवरून मान वर केली. तळी उचलायला पाच पुरुष लागत. तांब्याच्या ताटात भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवून पाच जणांनी ते कपाळापर्यंत उचलायचं, देवाचं नाव घ्यायचं, आणि उचलताना जे ठरेल ते वर्षभर मोडायचं नाही. बायकांनी तळीला हात लावायचा नाही. तनुजानं सातव्या वर्षी हट्ट धरला होता, तेव्हा याच आत्येनं तिच्या हातावर चापट मारली होती.

तनुजा जिना उतरून आली. खांद्याला पिशवी, पायात चपला. ती बाहेर निघण्याच्या तयारीत होती. तिच्यामागून तिची आई शालूकाकू, पदर खोचलेली, हाताला भाकरीचं पीठ.

"ये तनू," अण्णांनी ताटाच्या कडेची एक जागा मोकळी केली. आवाजात लोणी होतं. "आज पाचवा हात तुझा. कोण काय म्हणंल ते माझ्यावर. पोरगी हाय म्हणून मागं का राहावं? हात लाव, आणि एकदा म्हण, घराचं ते माझं. मग बापू तुला विद्यापीठात घिऊन जाईल. एक सही. झालं."

चुलीवर एक वांगं तडकलं.

"हिंमत," शकूआत्या म्हणाली. ती उठली नाही. चिमटा तिच्या हातात तसाच होता. "मी या घरात जल्मले. नवरा गेल्यावर हितंच आले. तुझी बायको गेली तवा हे पोरगं मी वाढवलं. माझा हात कवा लागला का रं तळीला?"

"आत्ता ते कशाला, आक्का?"

"आत्ताच. माझ्या हाताला काय इटाळ होता? या पोरीच्या हातावर मी मारलं. तुमच्या देवाची रीत म्हणून मारलं. आन् आज तुला सही पायजे तर रीत बदलली?"

"तू मधी बोलू नको."

"मधी कुठं हाय मी? मी कडंला बसून वांगी भाजतीय."

यज्ञेश्वरनं ताटलीत पाहत मिशीत हसू दाबलं. अण्णांनी ते पाहिलं, आणि त्यांचा दुसरा कानही लाल झाला.

तनुजा ताटाकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी सैल पडलं, आणि इंद्रजीतला वाटलं की ती हात लावणार. कोणत्याही अटीवर का होईना, ते ताट एकदा उचलावं अशी इच्छा तिच्या मनात अजून कुठेतरी सात वर्षांची होऊन बसली असावी. मग तिनं पिशवीचा पट्टा खांद्यावर घट्ट केला.

"अण्णा, तुम्ही मला हात लावायला बोलावत नाही आहात. हात बांधायला बोलावताय."

"हे बोलणं विद्यापीठात शिकलीस?"

"नाही, इथंच."

"ऐक," अण्णांनी ताट खाली ठेवलं. "हितं ग्रामपंचायत होती तवापासून धुमाळाच्या विरोधात धुमाळ उभा राहिला न्हाई. बिनविरोध म्हंजी काय, कळतंय का तुला? बिनविरोध म्हंजी इज्जत. मतं मोजायला बसलं की घरातली फूट मोजली जाती. चार लोकं बघत्यात."

"ही ग्रामपंचायत नाहीये."

"सगळं ग्रामपंचायतच असतं, पोरी. नाव मोठं असतं एवढंच."

"बरं, तसं समजा. मग मी तिथं जाऊन काय करणार ते तरी विचारा. कोणीच विचारलं नाही अजून." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि इंद्रजीतला तो अधिक भयंकर वाटला. "चैताली माझ्या वर्गात आहे. यवतमाळहून आलीय. एका विषयात नापास केलं तिला. तिनं फेरतपासणीला पेपर टाकला, आणि निकाल कधी लागला? पुढची परीक्षा होऊन गेल्यावर. पास होती ती. वर्ष गेलं. होस्टेलमध्ये अशा किती आहेत, मी दारोदार फिरून विचारलंय. त्या अधिसभेत सगळे मोठे लोक बसतात, अण्णा. प्राचार्य, संस्थाचालक. मी उभी राहिले की ते पहिलं हेच विचारणार, की बाई, तुमच्यामागे किती आहेत? त्याला आकडा लागतो. मला जागा नकोय नुसती. मला मतं हवीत. हरले तरी चालेल, पण मोजून हरेन."

इंद्रजीतनं मान वर केली. हेच. अगदी हेच शब्द कित्येक दिवस त्याच्या छातीत कोंडले होते, आणि ते तिच्या तोंडून बाहेर पडले तेव्हा सुटका होण्याऐवजी त्याला आणखीच कोंडल्यासारखं झालं.

तेवढ्यात लोहगावच्या बाजूनं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं. त्या गर्जनेत या भागातली माणसं बोलणं थांबवतात, आणि ती विरली की तुटलेल्या शब्दापासून पुढे सुरू करतात. पार्किंगमध्ये सगळे जिथल्या तिथे गोठले. तनुजा इंद्रजीतकडे पाहत होती. आवाज ओसरला.

"इंद्रा, तू सांग. तुला असं निवडून यायचंय?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. अण्णांची, यज्ञेश्वरची, चिमटा धरलेल्या आत्येची.

"तू फक्त एवढंच म्हण, की मतदान होऊ दे. माझ्या बाजूनं नको बोलूस. तुझ्याच बाजूनं बोल."

त्यानं तोंड उघडलं. ओठांपर्यंत आलेलं वाक्य त्याला स्पष्ट दिसत होतं. पण वडिलांच्या नजरेखाली त्यानं जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसली.

"बघा," अण्णा म्हणाले. "त्याला कळतंय."

"त्याला काही कळत नाही," तनुजा म्हणाली, "आणि तुम्ही कळू देत नाही."

"बापू," अण्णा धाकट्या भावाकडे वळले. आवाजातलं लोणी संपलं होतं. "पोरगी तुझी हाय. मार्केट यार्डातला गाळा कुणाच्या नावावर हाय, ते मी आजवर काढलं न्हाई. काढायला लावू नको."

बापूकाका, कागदोपत्री हिंदुराव, इतका वेळ ताटापाशी उभे होते. अर्ज भरायला लेकीला तेच घेऊन गेले होते. परवापर्यंत गाळ्यावरच्या हमालांना, आडत्यांना, चहावाल्याला तेच सांगत होते की आमची तनू विद्यापीठात उभी राहिलीय. आता ते ताटापासून मागे सरले, त्यांनी भंडाऱ्यानं पिवळी झालेली बोटं पायजम्याला पुसली आणि लेकीकडे न बघता म्हणाले, "तनू, गाडीत बस."

"पप्पा?"

"बस म्हटलं ना."

"अहो," शालूकाकू पुढे आल्या. मुलीच्या उभं राहण्याला या घरात सर्वांत आधी त्यांनीच विरोध केला होता. लग्न जमायचं कसं, म्हणून. "सकाळी तर म्हणत होतात, तीन वाजेपर्यंत फोनच बंद ठेवतो."

"तू भाकरी बघ."

"भाकरी झाल्या. वाढायच्या राहिल्यात." शालूकाकूंनी हाताचं पीठ झटकलं. "आणि मी वाढणार नाही. माझ्या पोरीला हात धरून कोणी गाडीत घातलं, तर आज या घरात देवालासुद्धा नैवेद्य मिळायचा नाही. पाहुण्यांना मिळालाय, तेवढा पुरे."

यज्ञेश्वरनं ताटली हळूच बाजूला सरकवली.

मग सगळे एकदम बोलू लागले. अण्णा भावावर ओरडले, भाऊ बायकोवर, आत्या दोघांवर. तनुजा त्या गलक्यातून जिना चढून वर निघून गेली आणि दुसऱ्या मजल्याचं दार आपटल्याचा आवाज आला. "तीनच्या आत खाली आण तिला," अण्णा बापूंना म्हणाले. "काय वाट्टंल ते कर."

इंद्रजीत उठला. कोणाचं लक्ष नव्हतं. ज्याच्यासाठी हे सारं चाललं होतं, तो तिथून गेला आहे हे कोणाला कळू नये, याचं त्याला वाईट वाटलं, आणि तेच त्याच्या रागाला जळण म्हणून पुरलं.

मोटारसायकल विश्रांतवाडीच्या चौकातून सुटली तेव्हा आपण कुठे जातो आहोत, हे त्याचं त्याला पुरतं कळलं नव्हतं. होळकर पुलावर वारा तोंडावर आला आणि ते कळलं. सगळ्या आयुष्यात समोरचेच मागे हटत आले होते. यावेळी तो हटणार होता. अण्णांना हवं तेच, पण उलट्या दिशेनं. खडकीच्या रस्त्यावर तो हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत होता. घरी जे वाक्य निघालं नव्हतं ते, आणि त्याच्या जोडीला आणखी पुष्कळ. अण्णा, तुम्ही मला कधी हरू दिलं नाहीत. अण्णा, मी तुमचा गणपती नाही, कोणीही उचलून मखरात ठेवावं असा. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. त्या रागात एक प्रकारचं सुखही होतं, आणि ते त्याला त्या वेळी पारखून घेता आलं नाही. आपण काहीतरी मोठं, उदात्त करायला निघालो आहोत असं त्याला वाटत होतं, आणि तनुताईचा चेहरा ते ऐकून कसा उजळेल, हे तो मनात रंगवत होता.

विद्यापीठाच्या आवारातल्या वडांखाली नेहमीसारखी शांतता होती. निवडणूक कक्षातल्या बाई चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "माघार? आपण? आम्हाला सकाळपासून निरोप येतायत की दुसऱ्या येणार आहेत."

"मीच."

"कारण लिहायची सक्ती नाही. सहीची आहे."

त्यानं सही केली. शाई कागदावर जरा पसरली. तो बाहेर आला आणि पायऱ्यांवर बसला.  इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याला श्वास पुरत होता.

स्कूटर आली ती त्यानं आधी ओळखलीच नाही, कारण तनुजाच्या मागे शकूआत्या बसली होती. चुलीवरून उठली तशीच, हाताला काजळी, नऊवारीचा ओचा वर खोचलेला. मागच्या जिन्यानं उतरून दोघी निसटल्या होत्या. तीन वाजेपर्यंत या दारात बसून राहायचं, म्हणजे आपल्या नावानं दुसऱ्या कोणी काही करून जाऊ नये, असं तनुजानं ठरवलं होतं.

"तू इथं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात आशा होती. ती आशा त्याला पुढे फार दिवस आठवत राहणार होती. "मतदान व्हायला हवं, असं सांगायला आलास? त्यांना लिहून दिलंस?"

"त्यापेक्षा मोठं, ताई." त्याला हसू आवरत नव्हतं. "मी माघार घेतली. आता अण्णा काहीसुद्धा करू शकत नाहीत. जागा तुझी."

तनुजानं स्कूटर स्टँडवर लावली. तिनं हेल्मेट काढलं. ते कुठे ठेवावं हे न सुचून ती ते दोन्ही हातांत धरून राहिली.

"किती नावं उरली?" तिनं विचारलं.

"एकच. तुझं."

"आणि एकच नाव असलं की काय होतं, इंद्रा?"

त्याला ते तेव्हा कळलं. पायरीवरून एकदम खाली पाऊल पडावं, तसं कळलं.

"मी सकाळी काय म्हणाले? मराठीतच म्हणाले ना?" तिचा आवाज अजूनही खालीच होता, पण हेल्मेट धरलेली बोटं पांढरी पडली होती. "मला जागा नको, मतं हवीत. तू तिथंच बसला होतास. तुला बोलायला सांगितलं होतं. चार शब्द. ते जमले नाहीत, म्हणून तू इथवर येऊन हे केलंस?"

"ताई, मला वाटलं..."

"तुला वाटलं तू माझ्यावर उपकार करतोयस. अण्णांनाही तेच वाटतं. ते लोकांना माघार घ्यायला लावतात, तू स्वतः घेतलीस. तुम्हाला दुसरं काही येतच नाही का रे?"

तो उठून धावत आत गेला. "मॅडम, मला ते परत घ्यायचंय."

"काय?"

"माघार. मी उभा राहतो. मतदान घ्या."

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता, नुसती सवय होती. "अर्ज मागे घेता येतो. माघार मागे घेता येत नाही. आणि मतदान कोणाकोणात घेऊ? त्या मुलीचं त्या मुलीशी?"

तो बाहेर आला तेव्हा अण्णांची पांढरी गाडी आवारात शिरत होती. दारं उघडली. अण्णा, बापूकाका, यज्ञेश्वर. अण्णांच्या चेहऱ्यावर सकाळचा सगळा राग घट्ट बसला होता, आणि इंद्रजीतला त्याचा आधार वाटला. निदान आता वडील त्याला मारतील. निदान एकाला तरी आपल्या करण्याचा त्रास होईल.

"मी माघार घेतली," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. आता आवाज स्वच्छ निघाला. "सही करून दिली. ताई एकटीच उरलीय."

अण्णा थांबले. त्यांनी लेकाकडे पाहिलं, पुतणीकडे पाहिलं, मग यज्ञेश्वरकडे. त्यांच्या कानांवरची लाली हळूहळू उतरताना इंद्रजीत बघत होता. 

"म्हंजी," अण्णा म्हणाले, "धुमाळच."

"धुमाळच," यज्ञेश्वर सावकाश म्हणाला. त्याचंही गणित तेवढ्यात मांडून झालं होतं. "आणि बिनविरोध. शिवाय मुलगी. अण्णासाहेब, वरिष्ठांना हे अधिकच आवडेल. अपक्ष काय, आज अपक्ष आहेत. तनुजाताई, आमच्याकडून आपलं मनःपूर्वक स्वागत."

"मी तुमची नाही," तनुजा म्हणाली.

"आत्ता नका ठरवू. आधी हार तर घ्या."

"मी नाही म्हटलं तर? मीपण मागे घेतलं तर?"

"तर जागा रिकामी," यज्ञेश्वर म्हणाला. "पुन्हा पूर्वीसारखी नेमणूक. कोणाची होते ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. त्या आपल्या यवतमाळच्या मैत्रिणीला काय सांगाल, ते ठरवून ठेवा मात्र."

तनुजानं एकवार निवडणूक कक्षाच्या दाराकडे पाहिलं. तिला गप्प झालेलं इंद्रजीतनं प्रथमच पाहिलं.

बापूकाका पुढे आले. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि ते अभिमानानं की सुटकेनं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "तनू, झालं की गं बाळा. जिंकलीस की."

"कुणाशी?" शकूआत्या म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

अण्णांनी फोन लावला होता. "आरं, या समद्यांना घिऊन. व्हय, विद्यापीठात. न्हाई, इंद्रा न्हाई, आपली तनू. तेच रं, घरातच हाय." थोड्या वेळात चार गाड्या आल्या, त्यातून मंडळाची पोरं उतरली, आणि एका गाडीच्या डिकीतून गुलालाची पिशवी निघाली. पोरांनी आधी इंद्रजीतकडे पाहिलं, मग अण्णांनी हातानं दिशा दाखवली तशी ती तनुजाकडे वळली. घोषणेत फक्त पहिलं नाव बदललं. आडनावाला सगळ्यांचा सूर आधीपासून लागलेलाच होता.

अण्णांनी मूठभर गुलाल घेऊन पुतणीच्या कपाळाला लावला. तिनं डोळे मिटले नाहीत. तो तिच्या पापण्यांवर सांडला, भुवयांत बसला, पिशवीच्या पट्ट्यावर उतरला. ती तशीच उभी राहिली. मग तिनं पोराच्या हातातली पिशवी ओढली, आत हात घातला, आणि गर्दी बाजूला सारत इंद्रजीतपाशी आली.

"मी तुला हरवलं असतं," ती फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली. "किती मतांनी, ते आता कुणालाच कळणार नाही. मलासुद्धा."

आणि तिनं भरल्या मुठीनं तो गुलाल त्याच्या तोंडाला फासला. कपाळावर नाही, गालांवर, ओठांवर, मिटलेल्या डोळ्यांवर, तळहाताचा सगळा जोर लावून, घासत. तिची नखं त्याच्या गालफडात रुतली. त्यानं मान मागे घेतली नाही. भोवती टाळ्या उठल्या. "बघा, बघा," अण्णांचा भरून आलेला आवाज आला, "भावाबहिणीचं प्रेम बघा." कोणीतरी ओरडलं, इकडे बघा, फोटो, आणि तनुजाचा हात त्याच्या चेहऱ्यावरून निघाला नाही, तो दाबतच राहिला.